शेवटाच्या तुकड्याची कुंची

मी एक जुनी कुंची आहे. वडगावातल्या एका खोलीत भिंतीतल्या फडताळाच्या वरच्या फळीवर मी असते. माझ्या शेजारी रेशनकार्ड आणि कोर्टाच्या कागदांनी फुगलेली एक पिशवी. मित्रांनो, कुंची म्हणजे काय हे तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. आता तान्ह्या लेकरांना दुकानातली कानटोपी घालतात, तिला अस्वलाचे कान असतात. कुंची म्हणजे डोक्याला टोपडं आणि त्यालाच मागे जोडलेला, पायापर्यंत येणारा घोळ. हनुवटीखाली बांधायला दोन बंद आणि शेंड्यावर गोंडा. माझा रंग जांभळा, काठ पिवळा. गोंडा आता राहिलेला नाही. कोर्टाच्या वाऱ्या करताना तो कुठेतरी पडला आणि कुणी शोधलाही नाही.

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. एवढ्याशा कापडाला एवढा राग शोभत नाही, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म खासबागेतला, चार यंत्रमागांच्या एका शेडमधला. शेड मालुबाईची. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली आणि लेक हाताशी आल्यावर त्याच्यावर सोपवली. लेकाचं नाव सौरव. मागावर साड्या निघत. पण ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांच्या गुंडाळीचा, बीम संपत आला की उरलेल्या धाग्यांत पुरी साडी बसत नाही, हात-दीड हात कापड तेवढं निघतं. त्याला आमच्याकडे शेवटाचा तुकडा म्हणतात. बीम कुणी संपवला हे कळावं म्हणून विणणारा त्याच्या कडेला आपली खूण घालतो. सौरवची खूण म्हणजे दोन हिरवे धागे आणि एक पिवळा.

शेवटाचा तुकडा विकत नाहीत. विकला तर पुढचा बीम धड चालत नाही, धागे तुटत राहतात, अशी समजूत आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण साडीच्या चिंधीचेही पैसे करणारी मालुबाई शेवटाचे तुकडे मात्र खिळ्याला टांगून ठेवायची. घरात लेकरू जन्मलं की त्यातून त्याला काहीतरी शिवायचं, हा रिवाज. मी असाच एक तुकडा होते आणि दीड वर्ष खिळ्याला टांगून होते. त्यामुळे त्या शेडमध्ये काय चाललंय ते मला सगळं दिसत होतं.

तिथं सुवर्णा नावाची मुलगी आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला यायची. वडगावची, बाप नसलेली, आई जयाबाईसोबत एका खोलीत राहणारी. हात चपळ आणि तोंडानं अबोल. सौरव तिच्याशी बोलायला माग बंद करायचा. चालत्या मागाच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्याचा माग हल्ली फार वेळा बंद पडतो हे सगळ्यांच्या आधी म्हाताऱ्या परशराम अण्णाच्या लक्षात आलं. अण्णा तिथला सगळ्यात जुना विणकर. सौरव सुवर्णाला म्हणायचा, "नीलमचं लगीन होऊ दे गं, मग आपलंच की."

नीलम ही त्याची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं, निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका सरळ माणसाशी. मग सौरव म्हणू लागला, आईला समजावतो. आईला समजावायचं धाडस काही त्याला झालं नाही. सुवर्णाला दिवस गेले. मालुबाईला कळलं तेव्हा तिनं लेकाला एक शब्द विचारला नाही. सुवर्णाला शेडच्या दारातच अडवलं आणि म्हणाली, "उद्यापास्नं येऊ नको." सौरव तेव्हा मागाखाली वाकून काहीतरी दुरुस्त करत होता. त्या मागाला काहीही झालेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण माझी शपथ कोण घेणार?

सुवर्णाला मुलगी झाली. दवाखान्यात बापाचं नाव विचारलं तेव्हा जयाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. सुवर्णानं आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "एवढंच लिवा."

आता आमच्याकडचा दुसरा रिवाज ऐका. बारशाला बाळाचं नाव ठेवायचं ते आत्यानं. बाळाच्या कानात कुर्र करून ती नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. बाळाच्या अंगावर कुंची चढते तीही आत्यानं आणलेली. आत्या म्हणजे बापाची बहीण. ज्या बाळाला बापच नाही असं सगळे म्हणतात, त्याची आत्या कुठून आणायची?

बारशाच्या चार दिवस आधी नीलम माहेरी आली होती. तिनं खिळ्यावरून मला काढलं. सौरवनं पाहिलं आणि विचारलं, "कशाला गं?"

"तुला ठाऊक हाय," ती म्हणाली.

तो माग सुरू करायला गेला. एवढीच त्याची परवानगी.

निपाणीला सासरच्या पडवीत बसून तिनं मला हातानं शिवलं. आतून तिच्या आजीच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. दोन हिरव्या आणि एका पिवळ्या धाग्याची कड ती कापून टाकू शकली असती, पण तिनं ती टोपड्याच्या आत दुमडली आणि वर टीप घातली. सासूनं विचारलं, कुणासाठी? नीलमनं सुईतून नजर न काढता सांगितलं, "भावाच्या लेकीला." मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी ताठ झाले होते की सुई जाईना. मला वाटलं, आपल्याला शिवणारी बाई कुणाला भिणारी नाही. माझी अक्कल ती केवढी.

बारशाला जयाबाईच्या खोलीत गल्लीतल्या सात-आठ बायका होत्या. नाव शेजारीणच ठेवणार असं ठरलं होतं. इतक्यात दारात नीलम. एसटीतून उभ्यानं आलेली, घामानं निथळणारी, हातात मी.

सुवर्णा पाळण्यापासून उठली. "नीलमक्का, तुमच्या घरात कळलं तर?"

"कळू दे की. माज्या भावाची लेक हाय ही. आत्या असताना शेजारणीनं नाव ठेवायचं व्हय?"

हे ती सगळ्यांदेखत बोलली, दबक्या आवाजात नाही. मला बाळाच्या डोक्यावर चढवलं, बंद बांधले, वाकून नाव सांगितलं. तेजस्वी. बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या आणि जयाबाई पदरात तोंड घालून रडली. माझ्या सगळ्या आयुष्यातला तेवढाच एक दिवस मला धुवून टाकावासा वाटत नाही.

पुढचं वर्षभर मी काम केलं. डोस पाजायला नेताना मी, तुळशीपुढे उन्हात बसवताना मी, ताप आला तर मी. लोक कुंचीचं कौतुक करायचे, बारीक टिपांचं करायचे. कुणी शिवली म्हणून विचारलं की सुवर्णा सांगायची, हिच्या आत्यानं. मग विचारणारी विषय बदलायची. तेजस्वीचं डोकं वाढलं तसे माझे बंद पुरेनात आणि मी ट्रंकेत गेले. त्याचं मला दुःख नाही. लेकरानं वाढावं आणि कुंचीनं ट्रंकेत जावं, हा आमच्या जातीचा नियमच आहे.

सौरव अधूनमधून यायचा. दारात उभा राहायचा, बिस्किटाचा पुडा द्यायचा, आईला समजावतो म्हणायचा. मग तो यायचा थांबला, आणि खानापूरकडच्या एका मुलीशी त्याचं लग्न झाल्याचं सुवर्णाला बाजारात कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी तिनं ट्रंक उघडून मला बाहेर काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. रडली नाही. तेजस्वीला बालवाडीत घालायची वेळ आली तेव्हा ती एका वकीलबाईकडे गेली.

वकीलबाई शहापूरच्या विणकर घरातलीच. सुवर्णा तिला म्हणाली, "बाई, आमचं लगीन झालेलं न्हाय. मला कोण दारात उभं करणार?"

"तुला बायको म्हणून काही मिळणार नाही, ते मी खोटं सांगत नाही," वकीलबाई म्हणाली. "पण पोरीचं तसं नाही. आईबापाचं लग्न झालेलं असो, नसो, बापानं पोरीला पोसलंच पाहिजे. हा तिचा हक्क आहे. तू स्वतःसाठी मागत नाहीस, तिच्या वतीनं मागतेस."

सुवर्णानं ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. कायद्यात आपल्या पोरीसाठी जागा आहे, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दावा लागला. सौरवनं जबाब दिला की ही बाई आमच्याकडे कामाला होती, तिची मुलगी कुणाची ते मला ठाऊक नाही. बिस्किटाच्या पुड्यांची त्यानं आठवण काढली नाही. वकीलबाईनं रक्ताची तपासणी मागितली. त्याचा वकील म्हणाला, उद्या कुणीही बाई उठेल आणि कुणाचंही रक्त मागेल, आधी काही पुरावा तर दाखवा. मध्ये साथीमुळे दीड वर्ष सगळंच बंद राहिलं. पुन्हा तारखा सुरू झाल्या तेव्हा वकीलबाईनं विचारलं, त्याच्या घरातल्या कुणी कधी या पोरीला आपली म्हटलंय का? तेव्हा सुवर्णानं मला तिच्या टेबलावर ठेवलं.

गल्लीतल्या बायकांना त्या बारशाचं काही आठवेना. त्यांच्या घरचे कुणी ना कुणी मालुबाईच्या भाऊबंदांच्या मागावर कामाला होते. राहिली नीलम. सुवर्णा निपाणीला गेली. नीलमला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते, पाचवा महिना होता. तिनं सुवर्णाला चहा दिला, मला हातात घेतलं, माझा घोळ सरळ केला.

"येतो की गं मी. सांगतो. जे केलं ते केलं, त्यात लाजायचं काय?"

सुवर्णा परतीच्या बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसली होती. बऱ्याच दिवसांनी ती काहीतरी गुणगुणत होती.

त्याच आठवड्यात मालुबाई निपाणीला गेली. मी तिथं नव्हते. पण अशा गोष्टी गल्लीत पोचतातच. मालुबाईनं आरडाओरडा केला नाही म्हणे. लेकीच्या पोटाकडे बघून एवढंच विचारलं, "पहिलं बाळंतपण माहेरात असतंय. तू कुठं जाणार हाईस? त्या पोरीच्या खोलीत?"

तारखेला नीलम आली. आईसोबत आली, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. वकीलबाईनं मला तिच्यापुढे धरलं. "ही ओळखता का?"

नीलमनं मला घेतलं. माझ्या एका बंदाची टीप उसवली होती, तिच्या अंगठ्यानं ती नकळत आत सारली. "व्हय. मी शिवलीया."

"कुणासाठी?"

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मग ती माझ्याकडे न बघता बोलू लागली, पाठ केलेलं बोलतात तसं. "कुणासाठी न्हाय. मी कुंच्या शिवून विकतो. ही बाई आलती, तिला विकली."

"केवढ्याला?"

"दीडशेला."

"आणि बारसं?"

"बारशाला मी न्हवतोच."

मित्रांनो, मला उंदरानं कुरतडलं आहे, जिन्यावर पाडून तुडवलं आहे. त्यातलं काहीच मला त्या दीडशेइतकं लागलं नाही. सुवर्णा बाकावर बसली होती. तिनं मान खाली घातली नाही. ती नीलमकडे बघत राहिली, आणि नीलम मला टेबलावर ठेवून, पोटावर हात धरून बाहेर गेली. मला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही. तिला भीती होती हे मला समजतं. समजलं म्हणून राग जातोच असं नाही.

आता तिची चूक ऐका. ती चूक विणकराच्या घरातल्या माणसाशिवाय कुणाला दिसली नसती. वकीलबाईनं घरी नेऊन मला उलटं केलं, टोपड्याच्या आतली टीप उसवली आणि दोन हिरवे, एक पिवळा धागा बघून हसली. ते हसू काही गोड नव्हतं. पुढच्या तारखेला तिनं परशराम अण्णाला उभं केलं. अण्णाचं वय सत्तरच्या पुढे गेलं होतं, मागावरून उतरून दोन वर्षं झाली होती, त्याला आता कुणाच्या शेडची भीती नव्हती.

"अण्णा, ही खूण कुणाची?"

"सौरवची. मीच शिकवलीया त्याला."

"हे कापड बाजारात विकत मिळतं?"

अण्णानं वकीलबाईकडे असं बघितलं की ही विणकराची लेक असून असं काय विचारते. "शेवटाचा तुकडा हाय ह्यो. शेवटाचा तुकडा कोण विकत न्हाय, साहेब. घरातल्या लेकराला शिवत्यात. मालुबाईच्या शेडात चाळीस वर्सं काढली मी, एक तुकडा भाईर गेलेला बघितला न्हाय."

सौरवचा वकील म्हणाला, हा खुळा समज आहे. अण्णा म्हणाला, "आसंल. पर तो समज त्यांच्या घरात बी हाय. इचारा की मालुबाईला, कवा एक तरी विकलाय काय."

मालुबाई तिथंच बसली होती. तिला विचारलं. खोटं बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. लेकाची मुलगी नाकारताना ती कचरली नव्हती, पण शेवटाचा तुकडा विकला असं म्हणायला तिची जीभ रेटेना. मागाला धोका नको होता तिला. माणसाची भीती कुठं जाऊन बसलेली असते ते तेव्हा मी बघितलं.

तपासणीचा हुकूम झाला. रक्तानं जे सांगायचं ते सांगितलं. तेजस्वी सज्ञान होईपर्यंत बापानं दर महिन्याला तिचा खर्च द्यावा, असा निकाल लागला. त्यानंतर सौरवनं एक निरोप धाडला, की पैसे द्यायचेच तर पोरगी आमच्याकडे पाठवा, घरात काम करून खाईल. सुवर्णा रात्रीचं जेवण टाकून वकीलबाईकडे धावली. वकीलबाई म्हणाली, "लग्नाविना झालेल्या लेकराची पालक आधी आई. त्याला म्हणावं कोर्टात येऊन माग." तो आला नाही. त्याला पोरगी नकोच होती.

आम्ही जिंकलो, असं वकीलबाई म्हणते. पैसे येतात, कधी वेळेवर, कधी वकीलबाईची नोटीस गेल्यावर. त्यातून तेजस्वीची वह्या-पुस्तकं होतात, चष्मा झाला. त्या पैशांना मी नावं ठेवत नाही. ते तिच्या हक्काचे आहेत, कुणाचे उपकार नाहीत. पण दारात उभा राहून बिस्किटाचा पुडा देणारा माणूस काही परत आला नाही. तसा हुकूम कुठलं कोर्ट देऊ शकत नाही, आणि माझी टीप उसवून शोधलं तरी तसा कुठला धागा माझ्यात नाही. मी पुरावा म्हणून गेले आणि पुरावा होऊन परत आले. माझ्या गळ्यात बांधलेली नंबराची चिठ्ठी सुवर्णानं कात्रीनं कापली आणि मला या फळीवर ठेवलं. तेव्हापासून तिनं मला हात लावलेला नाही.

गेल्या महिन्यात नीलम आली. चार वर्षांचा मुलगा बोटाला धरून, हातात नव्या फ्रॉकची पिशवी घेऊन. जयाबाई देवळात गेली होती. सुवर्णा भाकऱ्या करत होती, ती उठली नाही. "बसा," म्हणाली. नीलम उंबऱ्याजवळच बसली. तिची नजर फडताळाकडे गेली आणि तिनं मला बघितलं. मीही तिला बघितलं. केस पिकू लागले होते तिचे.

तेजस्वी शाळेतून आली. नऊ वर्षांची, उंच, चष्म्यातून सगळीकडे नीट बघणारी. दप्तर ठेवून तिनं पाहुणीला पाणी दिलं. नीलमनं तिचा हात धरून ठेवला.

"आई, ह्या कोण?" तेजस्वीनं विचारलं.

नीलम म्हणाली, "मी गं, तुजी..." आणि तिनं सुवर्णाकडे बघितलं. आत्या हा शब्द म्हणायची परवानगी मागत होती ती. हा शब्द तिनं एकदा भरल्या घरात आपण होऊन उच्चारला होता, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

सुवर्णानं तव्यावरची भाकरी उलटली. आवाज चढवला नाही. "कुंच्या शिवून विकत्यात त्या. तुजी ती जांभळी कुंची त्यांच्याकडचीच."

तेजस्वीचा चेहरा उजळला. ती चांगल्या वळणाची मुलगी आहे, आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलावेत हे तिला कळतं. तिनं नीलमला विचारलं, "लई भारी शिवलीया. केवढ्याला दिलती?"

नीलमनं तिचा हात सोडला. फ्रॉकची पिशवी उंबऱ्यावर ठेवली, लेकाला उचललं आणि गल्लीतून चालू लागली. सुवर्णा चुलीपुढून हलली नाही, पण त्यानंतरची एक भाकरी तिच्या हातून जळाली. मुलगी दारात उभी राहून विचारत राहिली, आपण काही चुकीचं बोललो का म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. धुवून घडी घाला, ऊन दाखवा, फेकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. उंदरांनी माझं जे करायचं ते करावं. मी तुमच्याकडे एवढंच मागते. कुणाला मायेनं काही दिलंत, तर पुढे कुणी विचारलं, आईनं विचारलं, भर कोर्टात उभं करून विचारलं, तरी दिलं म्हणा. विकलं म्हणू नका.